कानाच्या संसर्गात स्टेरॉइड: थेंब घ्यावेत, गोळी घ्यावी की काहीच नको?

आधी ठरवायचं ते एवढंच, की संसर्ग पडद्याच्या अलीकडे आहे की पलीकडे. ठणका दोन्हीकडे सारखाच लागतो, औषध मात्र वेगळं. कान हलकेच ओढल्यावर किंवा भोकासमोरचा कुर्चेचा उंचवटा दाबल्यावर कळ आली, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीचं. सर्दीपाठोपाठ ताप आला, मूल रात्री रडत उठतंय, पण कान ओढून दुखत नाही, तर मधल्या कानाचा संशय घ्यावा. खात्री मात्र डॉक्टरांनी पडदा पाहिल्यावरच.

बाहेरची नळी: इथे स्टेरॉइडचे थेंब उपयोगी

पोहणं, पावसाळी दमट हवा, काडीने कोरणं यांमुळे नळीची कातडी सोलवटते आणि स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस जंतू आत शिरतात. नुसत्या अँटिबायोटिकच्या थेंबांनीही हा संसर्ग बरा होतो. सोबत स्टेरॉइड असेल तर सूज लवकर उतरते आणि ठणकाही कमी होतो. नळी सुजून अरुंद झाली असेल तर आम्ही जोड औषधच निवडू. मोठ्यांसाठी नेहमीचं उदाहरण म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन ०.३ टक्के आणि डेक्सामेथासोन ०.१ टक्का: ४ थेंब, दिवसातून दोनदा, ७ दिवस. संसर्ग नळीबाहेर पसरलेला नसेल आणि मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती नसेल, तर पोटातल्या अँटिबायोटिकची गरज सहसा पडत नाही.

थेंबांनी गुण येत नाही तेव्हा बऱ्याचदा ते आत पोचलेलेच नसतात. बाटली मिनिटभर मुठीत धरून कोमट करा, कारण गार थेंबांनी चक्कर येते. कुशीवर झोपून मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढा, थेंब सोडा, मग तो उंचवटा चार-पाच वेळा दाबा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहा. नळी पूर्ण बंद असेल तर डॉक्टर आत छोटी वात बसवतात. ती थेंब शोषून खोलवर नेते, आणि दोन-तीन दिवसांत काढावी किंवा बदलावी लागते. कानात घाण साचली असेल तर आधी ती सक्शनने काढायला हवी.

बुरशीच्या बाबतीत हेच औषध उलटतं. खाज जास्त, ठणका कमी, आत काळे ठिपके किंवा ओल्या कापसासारखा पांढरा थर, हे चित्र पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे वारंवार दिसतं. स्टेरॉइडने सुरुवातीला खाज दबते, पण बुरशी मात्र फोफावते. तिथे सफाई आणि क्लोट्रिमाझोल १ टक्का हाच मार्ग. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या काही बाटल्यांत अँटिबायोटिक, बुरशीनाशक, स्टेरॉइड आणि बधिर करणारं लिग्नोकेन असं सगळं एकत्र असतं. आराम पडतो, पण तो बरं झाल्याचा की बधिरपणाचा, ते कळत नाही. कान न दाखवता अशी बाटली आणू नका. पडद्याला भोक असेल तर निओमायसिन किंवा जेंटामायसिनचे थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात.

मधला कान: इथे गोळीचा फायदा फारसा नाही

पडदा शाबूत असेल तर थेंब पलीकडे जातच नाहीत. आधी पॅरासिटामॉलने दुखणं आवरायचं. अँटिबायोटिक द्यायचं की दोन दिवस थांबायचं, हे डॉक्टर वय आणि तीव्रता पाहून ठरवतात. स्टेरॉइडच्या गोळीने या संसर्गात फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. पडद्यामागे पाणी साचून मुलाला कमी ऐकू येत असेल तरीही तेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ७ दिवस प्रेडनिसोलोन दिलेल्या मुलांपैकी पाच आठवड्यांनी सुमारे ४० टक्क्यांना समाधानकारक ऐकू येत होतं, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत ३३ टक्क्यांना. हा फरक ठोस मानण्याइतका नव्हता.

साचलेलं पाणी निघावं म्हणून पडद्यात छोटी कृत्रिम नळी (ग्रोमेट) बसवलेल्या मुलाचा कान वाहू लागला तर पारडं पुन्हा थेंबांकडे झुकतं. २०१४ च्या डच अभ्यासात अँटिबायोटिक-स्टेरॉइड थेंबांनंतर दोन आठवड्यांनी ५ टक्के मुलांचाच कान वाहत होता, तोंडाने अँटिबायोटिक घेतलेल्यांत ४४ टक्के, नुसती वाट पाहिलेल्यांत ५५ टक्के.

मधुमेह असेल तर स्टेरॉइडच्या गोळीने साखर चढते. मधुमेह्याचा कान रात्री खोलवर ठणकत असेल, थेंबांनी उतार नसेल किंवा चेहरा वाकडा दिसू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा: संसर्ग हाडात उतरलेला असू शकतो.

आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, ना दुखतंय ना वाहतंय, तर 'मळ असेल' म्हणून आठवडा घालवू नका. तो संसर्ग नसून आतल्या कानाचा बहिरेपणा असू शकतो. तिथे स्टेरॉइडची गोळी खरोखर दिली जाते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत, जितकी लवकर तितकी बरी.