ठाकूरद्वारचे घड्याळजी आणि माझं डुलणारं इंजिन

आधीच सांगते, हे दुकान खेळण्यांचं नाही. चर्नी रोडला उतरून ठाकूरद्वार नाक्याकडे चालत गेलं की एका जुन्या चाळीच्या जिन्याखाली चार फुटांचं काउंटर लागतं. पाटी नाही. काचेखाली एचएमटीच्या उघड्या डायली, वर एकच ट्यूबलाइट आणि मागे सत्तरीचे काका, कपाळावर भिंग सरकवलेले. घड्याळं दुरुस्त करतात. मी त्यांच्याकडे आगगाडीचं इंजिन घेऊन गेले होते.

इंजिन म्हणजे ब्रिटिश ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पॅनिअर टँकचं (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं वाफेचं इंजिन) मॉडेल, ओओ स्केल, म्हणजे १:७६. सहा चाकं, सगळी कपलिंग रॉडने जोडलेली, लाल रंग. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर मिळालं. विकणारा म्हणाला, "माथेरानची गाडी आहे, मॅडम." माथेरानचा रूळ दोन फुटी, इंजिनाचा तोंडवळाही वेगळा, पण मी गप्प राहिले. चूक दाखवली असती तर बाई जाणकार आहे हे त्याला कळलं असतं आणि भाव वर गेला असता. साडेचार हजारांवरून बावीसशेला तुटलं. ही इंजिनं १९२९ ते १९५० या काळात ८६३ बांधली गेली. काही पुढे लंडनची भुयारी रेल्वे चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टने घेतली, त्यांना लाल रंग दिला आणि १९७१ पर्यंत देखभालीच्या गाड्या ओढायला वापरली. भुयारी रेल्वेच्या शहरात वाफेचं इंजिन, आणि तेही १९७१ पर्यंत! एवढ्यासाठीच मला ते हवं होतं.

घरी आणून पलंगाखालच्या फळीवर रूळ मांडले. इंजिन धावलं, पण डुलत. म्हणजे रुळावरून घसरत नव्हतं, अडतही नव्हतं; गणपतीत पाट डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसासारखं डावीकडे-उजवीकडे झुलत चाललं होतं. मुलगा म्हणाला, "आई, हे पिऊन आलंय."

मी परळच्या एका शाळेत विज्ञान प्रयोगशाळेत साहाय्यक आहे, त्यामुळे आधी मोजमाप. रुळाच्या कडेने आलेख कागदाची पट्टी चिकटवली आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. रूळ वाकडा असता तर इंजिन दर फेरीला त्याच जागी डुललं असतं. तसं नव्हतं. दर ५८ मिमीला एक झोका येत होता, रूळ कुठलाही असो. चाकाचा व्यास साडेअठरा मिमी, परिघ काढा, ५८ येतो. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला एक झोका. रूळ सुटला, मोटरही सुटली (ती एका फेऱ्यात कितीतरी वेळा फिरते), गुन्हेगार सहा चाकांपैकीच कुणीतरी.

इथवर मी खूश होते. मग शाळेतला व्हर्निअर कॅलिपर आणला आणि तळाची पट्टी उघडून तिन्ही जोड्यांत दोन समोरासमोरच्या चाकांमधलं आतलं अंतर मोजलं. ओओच्या चाकांना ते साधारण साडेचौदा मिमी लागतं. तिन्ही ठिकाणी १४.५ आलं. पहिलं, १४.५. दुसरं, १४.५. तिसरं, १४.५. चाकं ठीक आहेत असं वहीत लिहून मोकळी झाले.

मग उपनगरातल्या एका हॉबीच्या दुकानात दिलं. नाव लिहीत नाही. आठ दिवस ठेवलं, साडेसहाशे घेतले आणि "जुनी मॉडेलं अशीच चालतात" असं सांगून परत दिलं. आत एवढं तेल ओतलं होतं की पहिल्याच फेरीत रुळावर पट्टे उठले आणि फळीवरची सगळी धूळ चाकांना चिकटली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काड्या घेऊन एक रविवार त्यातच गेला. इंजिन डुलतच होतं.

घड्याळजींचं नाव आमच्या शिपाईमामांनी सुचवलं. शनिवारी शाळा सुटल्यावर प्रभादेवीहून स्लो लोकल पकडली.

काकांनी इंजिन उलटंपालटं केलं. "ह्याला चावी कुठे?"

"चावी नाही काका, करंटवर चालतं. बारा व्होल्ट."

"बारा नको. पळालं तर काय दिसणार?" त्यांनी ड्रॉवरमधून तीन पेन्सिल सेल काढले, दोन वायरी लावल्या आणि इंजिन पालथं घालून चाकांना टेकवल्या. साडेचार व्होल्टवर चाकं अशी फिरायला लागली की एकेक आरा मोजून घ्यावा. मी घरी कंट्रोलरवर इतकं सावकाश कधी चालवलंच नव्हतं. मग त्यांनी एक शिवणाची सुई बुचात खोचली आणि तिचं टोक चाकाच्या कडेला जेमतेम न लागेल असं धरलं. घड्याळाच्या बॅलन्स चाकाला आऊट, म्हणजे वाकडेपणा, आहे का हे असंच बघतात म्हणे. पहिलं चाक फिरलं, सुई आणि कडेतली फट तेवढीच राहिली. तिसऱ्याचंही तसंच. मधल्या जोडीतलं डावं चाक आलं तशी फट उघडली, मिटली, उघडली, मिटली.

"तिरकं बसलंय," ते म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी पर्समधून व्हर्निअर काढला. त्याच जोडीचं अंतर घेतलं, १४.५. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा घेतलं, १४.१. घरी मी प्रत्येक जोडीचं एकच वाचन घेतलं होतं. तिरकं चाक एका बाजूला बाहेर झुकतं, दुसऱ्या बाजूला आत, आणि माझा कॅलिपर नेमका चांगल्या बाजूला लागला होता. दरवर्षी नववीच्या पोरांना "किमान तीन वाचनं घ्या, निरनिराळ्या जागी" असं ओरडून सांगणारी बाई मीच. काकांना हे सांगितलं नाही.

चाक काढलं तेव्हा कारण दिसलं. आधी कुणीतरी ते निखळल्यावर गोंद लावून बसवलं होतं आणि गोंदाचा थेंब भोकाच्या एकाच बाजूला सुकला होता. तीळ मोठा वाटेल एवढा. पण चाकाच्या मध्यावर एवढं तिरकं म्हणजे कडेवर बऱ्यापैकी. काकांनी तो सुईने खरवडला, ॲक्सल स्पिरिटने पुसला आणि घड्याळाचे भाग ठोकून बसवायच्या उभ्या स्टँडवर चाक सरळ दाबलं.

इथे मात्र ते चुकले, आणि हे लिहायलाच हवं. डाव्या चाकाची क्रँक पिन (रॉड ज्या खुंटीवर बसतो ती) त्यांनी उजव्या बाजूच्या पिनेसमोर नीट एका रेषेत आणली. "कंपनीने वाकडी लावली होती, सरळ करून दिली."

"काका, ती तशीच हवी. दोन बाजूंच्या पिना काटकोनात."

त्यांनी भिंग वर केलं. मी म्हटलं, पायाचं शिलाई मशीन आठवा. पायडल टोकाला गेलं की अडकतं, हाताने चाक ढकलावं लागतं. वाफेच्या इंजिनाचा दट्ट्याही असाच टोकाला आला की चाक फिरवू शकत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूचा नव्वद अंश पुढे-मागे ठेवतात. एक टोकाला असतो तेव्हा दुसरा भर जोरात ढकलत असतो. माझ्या मॉडेलमध्ये मोटर फक्त मधल्या ॲक्सलला जोडलेली, पुढची-मागची चाकं रॉडच ओढतात, त्यामुळे खोळंबा इथेही होणार. आणि नव्वदमध्ये एखाद-दोन अंश इकडेतिकडे झाले तर चालतं, पण तिन्ही ॲक्सलचा कोन अगदी सारखा हवा. नाहीतर रॉड चावतात.

मशीनचा दाखला त्यांना लगेच पटला. आधीच्या दोन जोड्यांकडे बघून त्यांनी पुन्हा बसवलं, रॉड लावले, बोटाने फिरवलं. एका जागी अडलं. पुन्हा काढलं. तिसऱ्या खेपेला सुरळीत. मग लॉकटाइटचा (चाक ॲक्सलवर पक्कं धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, आणि "उद्या नका चालवू, परवा चालवा."

खर्च तीनशे पन्नास रुपये. पावती नाही, यूपीआय नाही, रोखच. बसायला एक स्टूल आहे, त्यावर दोन तास मी आणि एक भिंतीवरचं घड्याळ आळीपाळीने बसलो. दुपारी एक ते चार बंद असतं, हे मला दारात उभी राहून कळलं. बोलणं तिरसट आहे. मध्ये एका गिऱ्हाइकाला "चायनाचं आहे, फेकून द्या" म्हणून वाटेला लावलं. वॉरंटी विचारली तर हसले.

सोमवारी रात्री चालवलं. आलेख कागद, स्लो मोशन, तेच सगळं. दर ५८ मिमीचा झोका गेला. वळणावर अजून किंचित हलतं, कारण ॲक्सलला आडवा प्ले, म्हणजे थोडी मोकळीक, आहे. तो कमी करून मिळेल का असं मी फोनवर विचारलं तर काका म्हणाले, "तेवढा लागतो. घट्ट केलं तर वळेल कसं?" बरोबरच आहे. खऱ्या इंजिनांनाही वळणासाठी प्ले ठेवतातच, हे मला त्यांनी सांगावं लागलं एवढंच.

जाणार असाल तर तीनच्या आसपास जाऊ नका, रुळाचा एक सरळ तुकडा बरोबर न्या (त्यांच्याकडे नाही), आणि पिना काटकोनात असतात हे चाक काढायच्या आधी सांगा.