ट्रम्पेटचा पिस्टन झिजला: नवा घ्यायचा की जुन्यालाच प्लेटिंग?

नव्या पिस्टनची, म्हणजे बोटाने दाबल्यावर वर-खाली सरकणाऱ्या झडपेची, किंमत ऐकूनच पोटात गोळा येतो, एवढ्याशा नळीला एवढे पैसे का असं वाटतं, पण तो कमी संख्येने बनतो आणि केसिंगमध्ये, म्हणजे तो ज्यात सरकतो त्या बाहेरच्या नळीत, केसापेक्षा बारीक फटीत बसवावा लागतो. म्हणून कंपनीचा ओरिजिनल आणला तरी काम संपत नाही, लॅपिंग करून, म्हणजे बारीक पेस्टने घासून, बसवायचा खर्च वेगळाच. दुसरा रस्ता म्हणजे जुन्यावरच निकेल प्लेटिंग (निकेलचा थर चढवणं), केसिंगला होनिंग (आतून घासून एकसारखं करणं), मग दोन्ही एकमेकांना जुळवायचे. हेही स्वस्त नाही हां, पण झिजलेलं केसिंगसुद्धा यात सुधारतं, नुसत्या नव्या पिस्टनने ते होत नाही, त्यामुळे माझं मत प्लेटिंगलाच. पिस्टन चिरला असेल तर मात्र नवाच घ्या. फेल्ट, स्प्रिंग, कॉर्क या झडपेच्या छोट्या भागांना ओरिजिनलचा हट्ट नको, मापाचं असलं की झालं.