एनपीटीईएल: धडे घरात, पेपर नाक्यापलीकडे

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या मोफत ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयटींच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल कोर्स असतात. त्यांचा खरा कस लॉकडाऊनमध्ये लागला. कॉलेज बंद, घरात फोन एकच, आणि तोही दिवसा धाकट्या भावाच्या शाळेला जुंपलेला. अशा घरातल्या मुलीला हा कोर्स झेपतो, कारण ठरावीक वेळेला हजेरी लावायची नसते.

१२ आठवड्यांच्या कोर्सला सुमारे ३० तासांची व्याख्यानं आणि ३ क्रेडिट (पदवीच्या अभ्यासात मोजायचं एकक). म्हणजे आठवड्याला अडीच तास, व्हिडिओ ३६०पी या कमी दर्जात पाहिला तर साधारण पाऊण जीबी. दीड जीबीचा रोजचा पॅक संध्याकाळपर्यंत घरभर वाटून संपतो. रात्री बाराला नवा कोटा आला की आठवड्याचे व्हिडिओ उतरवून ठेवावेत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी मराठी लिखित प्रत मिळते का तेही बघावं. भाषांतर जरा बोजड, पण इंग्रजी व्याख्यानासोबत वाचलं की उलगडतं.

दर आठवड्याच्या असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री ११:५९. मुदतीआधी कितीही वेळा बदलून पाठवता येते, शेवटची धरतात. म्हणून सोमवारीच एकदा अर्धवट का होईना पाठवून टाकावी. बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात लाईट गेली की रेंजही जाते, मग बुधवारची रात्र हातची गेली. बारा असाइनमेंटपैकी उत्तम आठच धरतात, तेवढी उसंत आहे.

पास व्हायला असाइनमेंटचे २५ पैकी १० आणि परीक्षेचे ७५ पैकी ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. शिकणं फुकट, परीक्षेची फी १,००० रुपये. आणि इथेच गाडी अडते, कारण परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

कर्नाटकातल्या निपाणीच्या मुलीला महाराष्ट्रातलं कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, म्हणून हात आपसूक तिकडच्या केंद्राकडे जातो. पण २०२१ मध्ये महाराष्ट्रातून परतताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर दाखवावा लागायचा. साथ सरली तर डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरून दगडफेक झाली आणि एसटी थांबली. तेव्हा बसला तासभर जास्त लागला तरी चालेल, केंद्र आपल्याच राज्यातलं, म्हणजे कर्नाटकातलं घ्यावं. एकट्या मुलीला परगावी पाठवायला घरचे कां-कूं करतात, हेही धरून चालावं; एकाच केंद्रावर दोघी-तिघींनी मिळून अर्ज केला तर परवानगी लवकर मिळते.

क्रेडिट पदवीत धरून हवे असतील तर कोर्स सुरू होण्याआधीच कॉलेजकडून लेखी होकार घ्यावा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमात एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घ्यायची मुभा आहे, पण कॉलेजने आधी मान्य केलं नसेल तर निकालानंतर नुसतं प्रमाणपत्र हाती राहतं.

नाव मात्र फॉर्म भरतानाच ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळवावं. आधार कानडी उच्चारावरून, मार्कशीट मराठीवरून, असं दोन स्पेलिंगांचं नाव इकडे सर्रास दिसतं. लग्न ठरलं असेल तर आडनाव बदलण्याचा अर्ज निकाल लागल्यावरच करावा.