१२ फुटी वाघाच्या भिंतीतक्त्याला टेप लावल्यावर

नाशिकच्या मेन रोड-शालीमार भागात शालोपयोगी साहित्याच्या दुकानात ‘पट्टेरी वाघ, प्रत्यक्ष आकारात’ असा फ्लेक्सवर छापलेला तक्ता विकायला आहे. माप १२ बाय ५ फूट, किंमत ९५० रुपये. चित्र फार सुंदर आहे. पट्ट्यांची ठेवण, कानामागचे पांढरे ठिपके, गालावरचे झुबकेदार केस, सगळं नीट निरखून काढलंय. घोटाळा ‘प्रत्यक्ष आकारात’ या दोन शब्दांत आहे.

नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप धरला तर ११ फूट ८ इंच भरतात. खांद्यापाशी उंची ४ फूट १ इंच. एवढा वाघ रानात नसतो. ब्रिटिश काळात जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आपला चांदा-नागपूर ज्यात होता त्या मुलखात, डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याने ४२ पूर्ण वाढलेले नर मोजले होते. सरासरी लांबी ९ फूट ३ इंच आणि वजन ४२० पौंड, म्हणजे १९० किलो. यात शेपूटच तीनेक फूट असते, म्हणून धड-डोकं मिळून सव्वासहा फुटांच्या आसपास. खांद्याला साधारण तीन ते साडेतीन फूट.

मग ११-१२ फुटांचे वाघ येतात कुठून? मोजण्याच्या पद्धतीतून. मेलेला वाघ सपाट जमिनीवर सरळ आडवा करून नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकायची, वाघ बाजूला काढून दोन खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं, हे खरं माप. बरेच शिकारी टेप डोक्यावरून, पाठीच्या चढउतारावरून दाबत नेत. त्यात चार-सहा इंच सहज वाढतात, आणि टेप जितका दाबाल तितके जास्त. कातडं त्याहून फसवं. ओलं असताना ताणून खिळे मारले की फूटभरसुद्धा लांबतं. दिवाणखान्यातल्या कातड्यावरून वाघाची लांबी कधीच ठरवू नये.

वजनाच्या चौकटीत तक्ता ‘३९० किलोपर्यंत’ म्हणतो. हा आकडा हवेतला नाही. १९६७ साली उत्तर भारतात मारलेल्या एका नराचं वजन ३८९ किलो नोंदवलं गेलं. तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण त्याने आदल्या रात्री रेडकू खाल्लं होतं. वाघ एका बैठकीत २५-३० किलो मांस सहज रिचवतो, आणि ते सगळं काट्यावर दिसतं. शिवाय एका अपवादावरून जात ठरत नाही. रेडिओ कॉलर लावताना तोललेले वाघ पाहा: नेपाळच्या चितवनात नर २०० ते २६१ किलो, कर्नाटकात नागरहोळेत तीन नर २०९ ते २२७. तक्त्यावर ‘१८० ते २६०’ छापलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं.

‘सायबेरियाचा वाघ सर्वांत मोठा, ३५० किलो’ हे तर काढूनच टाकायला हवं. तिथल्या जंगलात १९९२ पासून चाललेल्या अभ्यासात तोललेल्या नरांची सरासरी १७६ किलोच्या आसपास आहे. साडेतीनशेवाले पिंजऱ्यातले. उलट टोकाला सुंदरबन: तिथल्या तीन वाघिणींची सरासरी जेमतेम ७७ किलो. वाघिणीचा उल्लेखच तक्त्यावर नाही, ही मोठी उणीव. मध्य प्रांतातल्या माद्या सरासरी ८ फूट ४ इंच आणि १३१ किलो, म्हणजे वजनाने नराच्या दोन-तृतीयांश.

नाशिकसाठी खरी गरज मात्र बिबट्याची. निफाड-दिंडोरीच्या उसात आणि शहराच्या कडेला येतो तो बिबट्या, आणि बोलताना त्यालाही वाघच म्हणतात. पोरांना फरक डोळ्यांना दिसला पाहिजे. कोपऱ्यात बिबट्याचा नर काढला असता, फार तर ५० ते ७० किलोचा, तर तक्त्याचं मोल दुप्पट झालं असतं. पंजाच्या ठशाची चौकटही चुकली आहे: २० सेंटिमीटर रुंद ठसा छापलाय. वाघाच्या नराचा १३ ते १६, बिबट्याचा ७ ते ९ सेंटिमीटर धरावा. चिखलात पाय पसरतो, म्हणून ठसा घट्ट धुळीतलाच मोजावा. नखं उमटलेली दिसली तर बहुधा कुत्रा.

सुधारणा अवघड नाही. चित्राची प्रमाणं बरोबर आहेत, फक्त सगळं सव्वापट झालंय. छापणाऱ्याने तीच फाईल ८० टक्क्यांवर छापली की लांबी ९ फूट ४ इंच, उंची ३ फूट ३ इंच येते, आणि तक्ता वर्गाच्या भिंतीवर मावतोही. आधीच घेतला असेल तर नाकापासून ९ फूट ३ इंचांवर आणि जमिनीपासून ३ फूट ३ इंचांवर रंगीत टेपच्या दोन पट्ट्या चिकटवाव्यात. पाचवीतलं मूल त्या पट्टीशेजारी उभं राहिलं की खऱ्या वाघाचा खांदा आपल्या छातीपर्यंत येतो हे त्याला कळतं.

विकत घेताना तक्ता गुंडाळलेलाच मागा. घडी घातलेल्या फ्लेक्सच्या सुरकुत्या जात नाहीत आणि घडीवर रंग तडकतो. वर-खाली लाकडी पट्टी लावून टांगावा, नुसत्या कड्यांवर टांगला तर मधोमध झोळ पडतो.