आपट्यांचा विद्यार्थी कोश: शाळेतल्या संस्कृतसाठी घ्यावा का?

नववी-दहावीला संस्कृत घेणाऱ्या मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तक असतं, गाइड असतं, शब्दरूपांची चोपडी असते. कोश बहुधा नसतो, आणि इथेच या विषयातली निम्मी कमाई हातची जाते. १०० मार्कांचं संपूर्ण संस्कृत असेल तर वामन शिवराम आपट्यांची ‘स्टुडंट्स संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी’ नववीच्या सुरुवातीला घरात यायलाच हवी. हिंदीबरोबर ५० मार्कांचं संयुक्त असेल तर ग्रंथालयातली प्रत पुरते.

आपट्यांचं काम पुण्यातलंच. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवलं, फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले आणि पस्तिशीही न गाठता १८९२ मध्ये गेले. वर्गात मुलगा नेमका कुठे अडतो हे माहीत असलेल्या मास्तरांचं हे काम आहे, आणि ते पानोपानी जाणवतं.

कोश कसा वापरायचा ते एका साध्या वाक्यावर पाहू: नृपतिरुद्यानमागच्छत्. मुलं थेट ‘नृपतिरु’ शोधायला लागतात आणि दोन मिनिटांत कोश मिटतात. आधी संधी सोडवायला हवा: नृपतिः, उद्यानम्, आगच्छत्. पुढे स्वर आला म्हणून विसर्गाचा र् झाला होता. आता नृपतिः. सामासिक शब्द पहिल्या पदाखाली रचलेले आहेत, म्हणून ‘नृ’ काढायचा आणि त्याच्या पोटातल्या समासांत ‘पतिः’ गाठायचा. आगच्छत् ‘आ’मध्ये शोधून हाती काही लागत नाही. आ हा उपसर्ग, त्याच्या मागे भूतकाळाचा अ लपलेला, उरला गच्छ, आणि गच्छ म्हणजे गम् धातू. गम् काढला की गण (धातूचा वर्ग), पद (परस्मैपद की आत्मनेपद) आणि मुख्य रूपं ओळीने दिसतात, आणि नोंदीच्या शेवटाकडे उपसर्गांची रांग लागते. त्यात ‘आ’ सापडला की काम झालं. उद्यानम् मात्र स्वतंत्र नोंद आहे. पहिला अर्थ बाहेर निघणं, फिरायला जाणं; बाग हा दुसरा. पेशवे उद्यानाची पाटी जन्मभर वाचलेल्या माणसालाही हे तिथेच कळतं.

या एका ओळीला पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. गाइडमध्ये तीच ओळ पाच सेकंदांत मिळते, पण ती पंधरा मिनिटं म्हणजेच संस्कृतचा अभ्यास. कोशात रूप सापडत नाही, मूळ सापडतं. रूपापासून मुळापर्यंत जाताना संधी, उपसर्ग, काळ, गण हे सगळं वापरावं लागतं. पाठ केलेले तक्ते कशासाठी होते हे तेव्हा उमगतं.

युरोपात शाळेत लॅटिन शिकणाऱ्यांची कसरत हीच. तिथे राजाला रेक्स म्हणतात, पण कोशात शेजारी रेगिस हे षष्ठीचं रूपही देतात, कारण बाकीची रूपं त्यावरून चालतात. ‘वाहून नेणं’ या धातूची मुख्य रूपं फेरो, फेर्रे, तुली, लातुम अशी. पहिल्या दोघांचा नंतरच्यांशी संबंध नुसतं पाहून लागत नाही. आपल्याकडे दृश् चा पश्यति होतो तसंच. फेरो आणि आपला भृ तर एकाच मुळाचे.

मुलं हमखास अडतात ती क्रमावर. मराठी मुळाक्षरांत क्ष आणि ज्ञ शेवटी बसतात. इथे क्षमा ‘क’च्या अखेरीस, कारण क् नंतर ष्. ज्ञान ‘ज’मध्ये, ‘ज्या’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या आधी. अनुस्वाराचंही तसंच: अंश अगदी सुरुवातीला, पण अंग हा अङ्ग समजून ‘अघ’च्या पुढे. राजा राजन् मध्ये, पिता पितृमध्ये, मनः मनस् मध्ये, विद्वान् विद्वस् मध्ये. लिंगासाठी वेगळी शोधाशोध नको: अकारान्त नाम विसर्गासह छापलं असेल तर पुल्लिंगी, अनुस्वारासह असेल तर नपुंसकलिंगी. ही सोय फार मोलाची आहे.

मराठी मुलांना आणखी एक फायदा, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून ती अर्थ पाहतच नाहीत, आणि भाषांतर तिथेच घसरतं. राग म्हणजे संस्कृतात रंग, लाली, आसक्ती. चेष्टा म्हणजे हालचाल. शिक्षा म्हणजे शिकणं. असे शब्द कोशात पाहून वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवले तर दहावीपर्यंत दोन्ही भाषा पक्क्या होतात.

आता उणिवा. अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत आहेत. अडत असेल तर याच कोशावरून केलेला संस्कृत-हिंदी कोश मिळतो. वैदिक शब्द कमी. संगणक, भ्रमणध्वनी यांसारखे पाठ्यपुस्तकातले आजचे शब्द यात असणारच नाहीत. दाखल्यांपुढे नुसती आद्याक्षरं असतात (रघुवंश, कुमारसंभव, शाकुंतल वगैरे), त्यांची यादी सुरुवातीला आहे, ती आधी वाचा. आपट्यांच्याच मोठ्या ‘प्रॅक्टिकल’ संस्कृत-इंग्लिश कोशाची सुधारित आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. घाईत ती ठीक, पण छापील पानावर शोधलेल्या शब्दाचं अख्खं कुटुंब आजूबाजूला दिसतं, ते पडद्यावर तितकं दिसत नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत घ्यायला जाल तेव्हा छपाई तपासूनच घ्या. टाइप बारीक आहे, आणि पुनर्मुद्रणात शाई फुटली असेल तर अनुस्वार कुठला आणि डाग कुठला हे कळत नाही. ‘गम्’चं पान उघडा, पाय मोडल्याची खूण आणि उपसर्गांची रांग स्वच्छ वाचता येते का पाहा. पुस्तक टेबलावर उघडं राहतं का तेही पाहा, कारण एका हातात पेन असणार. घरी आल्यावर अ, क, प, व, स या अक्षरांच्या सुरुवातीला कडेला रंगीत चिकटपट्ट्या लावून टाका.