नौपाड्यातलं प्लॉटरचं दुकान: प्रभागाचा नकाशा नीट बघायचा असेल तर इथे जा

ठाण्यात गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. पाटीवर नाव नाही. ‘प्लॉटर, अमोनिया, लॅमिनेशन’ एवढंच रंगवलेलं आहे. प्लॉटर म्हणजे मोठे नकाशे छापणारं यंत्र, आणि अमोनिया म्हणजे त्याच्या वाफेवर नकाशांच्या प्रती काढायची जुनी पद्धत. आर्किटेक्ट आणि बिल्डरांच्या माणसांना ते पाठ आहे, बाकीच्यांना सहसा ठाऊक नसतं. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तरी मलाही ते गेल्या गणपतीतच कळलं.

झालं असं. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस ठाणे महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभागरचनेचा प्रारूप आराखडा आला. हरकतींची मुदत आणि गणपती एकाच वेळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ आमची सोसायटी आहे, सव्वादोनशे घरांची. आमच्या ग्रुपवर एका रात्री एक फोटो आला. मोबाइलच्या स्क्रीनवरचा नकाशा, त्यावर कुणीतरी लाल रेघ ओढलेली, आणि खाली मजकूर: ए आणि बी विंग एका प्रभागात, सी विंग दुसऱ्या. सकाळपर्यंत हरकतीचा अर्ज टाइप झाला आणि दुपारपर्यंत त्यावर एकशेचाळीस सह्या पडल्या. सेक्रेटरी मी, म्हणजे शेवटची सही माझी. नकाशा स्वतः पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही, असं सांगितलं. लोक नाराज झाले.

घराजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे आधी गेले. त्याने अख्खा नकाशा ए-थ्री कागदावर ‘फिट’ करून दिला. प्रभागांचे आकडे म्हणजे मुंग्या, नाला कुठला आणि रस्ता कुठला ते कळेना. उत्तरेकडची कड कापली गेली होती, आणि आमचं घर नेमकं उत्तरेलाच. तो कागद हातात घेऊन मी गौरी पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी नौपाड्यात पोचले.

दुकानात वडील आणि मुलगा दोघं काम करतात. मी नवीन आणि जुना असे दोन्ही नकाशे पेन ड्राइव्हवर नेले होते. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, “नुसता नवा बघायचाय, की २०१७ चा त्याच्यावर ठेवून बघायचाय?” मग म्हणाले, “बाई, नुसता नवा नकाशा बघून काही कळत नाही. हललेली रेघ जुन्यावर ठेवली की दिसते.”

मग मुलाने जे केलं ते मी खुर्ची ओढून जवळून पाहिलं. नवीन नकाशा ए-झिरो आकारात, म्हणजे ए-थ्रीच्या आठपट कागदावर, रंगीत छापला. जुन्या नकाशाची स्केल वेगळी होती, म्हणून त्याने दोन ठिकाणं धरली: खाली तलावपाळी आणि वर कापूरबावडीचा नाका. संगणकावर जुना नकाशा ओढत, कमी-जास्त करत या दोन जागा जुळवल्या आणि तो ट्रेसिंग पेपरवर छापला. पहिल्या वेळी तलावपाळी बसली, कापूरबावडी जवळजवळ बोटभर सरकली. दुसऱ्या वेळीही थोडा फरक राहिला. तिसऱ्या वेळी बसलं. आधीच्या दोन ट्रेसिंगचे पैसे घेतले नाहीत. “मापात नाही, त्याचे कसले पैसे?” एवढंच बोलले.

मोठ्या टेबलावर खाली नवीन नकाशा, वर ट्रेसिंग, चार कोपऱ्यांना चार लोखंडी वजनं. वडिलांनी कडेने हात फिरवून हवा काढली आणि कासारवडवलीवर बोट ठेवलं. आमच्या सोसायटीबाहेरून नाला जातो, हद्द त्या नाल्यावरून गेली होती, आणि २०१७ ची काळी रेघ बरोबर त्याच रेघेवर बसली होती. सी विंग कुठेही तुटलेली नव्हती. फोटोवरची लाल रेघ कंपाउंडच्या आतला रस्ता धरून ओढलेली होती, ती नकाशात नव्हतीच. मी तिथूनच अध्यक्षांना फोन केला आणि अर्ज थांबवला. एकशेचाळीस माणसांच्या सह्यांचा अर्ज खोट्या गोष्टीवर गेला असता, आणि उद्या खरंच काही घडलं तर आमचं कोण ऐकणार होतं?

या कामाला मी इतकं महत्त्व का देते, ते सांगते. हद्द कुठून जावी याचे नियम आहेत. मोठे रस्ते, नाले, रेल्वे मार्ग धरून ती जावी, एक इमारत दोन प्रभागांत फुटू नये, जनगणनेचा प्रगणक गट (मोजणाऱ्या एका माणसाला नेमून दिलेली घरं) तुटू नये, आणि लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर-खाली यापलीकडे जाऊ नये. ठाण्याचं गणित कुणालाही घरी करता येतं. २०११ च्या जनगणनेत शहर १८,४१,४८८ माणसांचं, नगरसेवक १३१. एकामागे सुमारे १४,०५७. चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे साधारण ५६,२२९, म्हणजे ५०,६०६ पासून ६१,८५२ पर्यंत कुठेही चालतो. या अकरा हजारांच्या फटीत एखादी वस्ती इकडे घ्यायची की तिकडे, एवढं स्वातंत्र्य रेघ ओढणाऱ्याला उरतं. आणि आकडे २०११ चेच. आमचा टॉवर २०१४ चा. २०११ साली त्या जागेवर बंद पडलेल्या कंपनीचे पत्रे होते. सव्वादोनशे घरं या गणितात नाहीतच. घोडबंदर रोडवर असे किती टॉवर उभे आहेत ते तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. नवीन जनगणना २०२७ ची, तोवर नकाशा जुन्या माणसांवरच चालणार.

रेघेहून मोठी गोष्ट म्हणजे एका प्रभागात किती नगरसेवक. ते सरकार ठरवतं, आणि सरकार बदललं की तेही बदलतं. २०१९ च्या डिसेंबरात महाविकास आघाडी सरकारने एक सदस्याचा प्रभाग आणला, त्याच सरकारने २०२१ मध्ये तो तीनचा केला. २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग रचण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतला, आणि तेव्हा विरोधही झाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा २०१७ ची चारची रचना आणली. म्हणून ठाण्याचा एक नकाशा १४२ नगरसेवकांचा तयार झाला आणि निवडणुकीविना तसाच पडून राहिला. रेघ कुणाच्या हातात, यावर मी कुठल्याही एका पक्षाला दोष देत बसणार नाही. दोघांच्याही हातात ती असताना मला सारखीच काळजी वाटली आहे.

दुकानाच्या कपाटात हे सगळे नकाशे गुंडाळ्या करून ठेवलेले आहेत: २००७ चा एकेकाचा, २०१२ चा दोघांचा, २०१७ चा चौघांचा, २०२२ चा तिघांचा. वडिलांनी त्यांच्या स्वतःच्या गल्लीवर एकेक ट्रेसिंग ठेवून दाखवलं. घर तेच, पन्नास वर्षं तेच, पण प्रभागाचा क्रमांक दर वेळी वेगळा आणि सोबतचे शेजारी दर वेळी वेगळे. मी भाच्याला फोटो पाठवला, तो टेक्सासात असतो. तिथे विधिमंडळातलं बहुमत मतदारसंघ आखतं, आणि २०२५ मध्ये त्यांनी जनगणनेची वाट न पाहता मधेच, रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढाव्यात अशा बेताने नकाशा बदलला. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या गेरी नावाच्या गव्हर्नरने सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा वळवळता दिसला, त्यावरून सोयीच्या रेघा ओढण्याच्या या प्रकाराला तिथे ‘जेरीमँडरिंग’ असं नावच पडलं. आपल्याकडे त्याला अजून नाव नाही, म्हणून ते बोलताही येत नाही.

या दुकानाबद्दल सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. माझ्या आधी एका पक्षाचा कार्यकर्ता तिथे उभा होता. दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी नकाशावर कुठे खुणा केल्या, ते बघायचं होतं त्याला. वडील म्हणाले, “साहेब, तुमची गुंडाळी तुम्हाला, त्यांची त्यांना.” प्रत्येकाची फाइल छापून झाली की मुलगा ती समोर डिलीट करतो आणि विचारतो, “बघितलंत ना?” दरही सगळ्यांना एकच, फळ्यावर लिहिलेला: ए-झिरो काळा-पांढरा ९०, रंगीत १८०, ट्रेसिंग १२०.

उणिवा आहेत. जिना अरुंद आणि अंधारा, गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाला तरी सोबत घ्यावं. दुपारी दीड ते चार बंद. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत रांग जिन्यापर्यंत येते, म्हणून थोडं आधीच जा. अमोनियाचा वास आहे, दमा असेल तर बाहेर थांबा.

२०२६ च्या १५ जानेवारीला मतदान झालं, चार मतं देऊन आले. माझ्याकडचे दोन्ही नकाशे अजून आहेत, सोसायटीच्या ऑफिसात कुणालाही बघता येतील असे टांगले आहेत. एक सांगून ठेवते, तिथून ट्रेसिंग आणताना घडी घालू नका, गुंडाळीच आणा. माझ्या शेजारणीने घडी घातली होती, आणि आता तिच्या कागदावर घडीची रेघ कुठली आणि हद्द कुठली, ते बोटाने चाचपून बघावं लागतं.