जड कामाचा काँक्रीट फ्लोअर: १४ महिन्यांच्या वापरानंतर

गोदामाचा नवा फ्लोअर वापरात येऊन १४ महिने झाले. दोन पाळ्या, ३ टनी फोर्कलिफ्ट, टणक चाकांचे पॅलेट ट्रक आणि छतापर्यंत भरलेले रॅक. स्लॅब २०० मिमी जाड, एम३५ (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी). खाली नीट दाबलेली खडी, वर दर चौरस मीटरला ५ किलो हार्डनर (पृष्ठभाग कठीण करणारी पूड). मधला भाग आजही ठणठणीत आहे, हात फिरवला तर धूळ लागत नाही.

दुखणं निघालं जॉइंटमध्ये, म्हणजे तडे कुठेही जाऊ नयेत म्हणून स्लॅबमध्ये मुद्दाम घेतलेल्या कापांमध्ये. पॅलेट ट्रकचं चाक लहान आणि टणक, त्यामुळे सगळा भार बोटभर जागेवर येतो आणि फट ओलांडताना ते समोरच्या कडेवर आदळतं. आठव्या महिन्यात मुख्य वाटेवरच्या तीन जॉइंटच्या कडांमधून नखाएवढ्या कपच्या निघायला लागल्या. ठेकेदाराने तिसऱ्याच आठवड्यात मऊ सीलंट भरलं होतं. एक तर ते कडेला आधार देत नाही. शिवाय काँक्रीट महिनोन्‌महिने आकसत राहतं, म्हणून घाईने भरलेलं एका बाजूने सुटतं. ते सगळं खरवडून काढलं, कडा दुरुस्त केल्या आणि पॉलियुरिया भरलं. हे किंचित लवचीक असतं, पण चाकाखाली दबत नाही. कापाच्या पूर्ण खोलीपर्यंत भरून वर सपाट कापून घेतलं. चार महिने झाले, ट्रक जाताना येणारा ‘टक्’ आवाज गेला.

कटिंगची, म्हणजे हे जॉइंट कापण्याची, वेळ फार महत्त्वाची. दर ४.५ मीटरवर, जाडीच्या पाव म्हणजे ५० मिमी खोल काप काँक्रीट ओतलं त्याच रात्री घेतले, तिथे एकही तडा नाही. एका पट्ट्यात मशीन बंद पडलं, काप दुसऱ्या दुपारी घेतला. तोवर तडा गेला होता, कापापासून वीतभर अंतरावर, त्याला समांतर. तो अजून रोज डोळ्याला टोचतो.

दोन दिवसांच्या कामांमधल्या जोडावर गुळगुळीत, ग्रीस लावलेले डॉवेल बार (दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या पोलादी सळ्या) टाकले होते. तिथे दोन्ही बाजू अजून एका पातळीत आहेत.

क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) सात दिवस, ओल्या गोणपाटाखाली. फक्त दारालगतचा कोपरा वाऱ्याने सुकला आणि नेमकी तिथेच धूळ सुटते. लिथियम सिलिकेट (पृष्ठभाग घट्ट करणारं द्रव) मारल्यावर कमी झाली, पण बाकीच्या फ्लोअरची सर आली नाही.

आता शेजारचा भाग करायचा आहे. जाडी हीच ठेवणार. पण कटिंगचं दुसरं मशीन जागेवर उभं असल्याशिवाय काँक्रीट ओतू देणार नाही.